पायलटच्या ‘नाही’ची नोंद ठेवा : ड्रोन फवारणीची कामं देणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

प्रति,
राज्याचा कृषी विभाग, साखर कारखान्यांचे शेती विभाग, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि ड्रोन फवारणीची सेवा देणाऱ्या कंपन्यांचे चालक,

सप्रेम नमस्कार.

मी पंढरपूर तालुक्यातली एक रिमोट पायलट. बचत गटातून या कामात आले, त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन उडवते. जास्त करून ऊस, त्याखालोखाल मका आणि तूर. गटाचा ड्रोन आहे, पण हंगामात सेवा कंपन्यांची कामंही घेते, कारण एकट्या गावाच्या कामावर बॅटरीचासुद्धा खर्च निघत नाही. हे पत्र एका सकाळीमुळे लिहिते आहे, म्हणून आधी ती सकाळ सांगते.

श्रावण चालू होता. एका कंपनीकडून काम आलं होतं, साडेतीन एकर ऊस, आठ महिन्यांचा, डोक्याच्या वर गेलेला. कांडी किडीचं, म्हणजे उसाची कांडी पोखरणाऱ्या अळीचं औषध मारायचं होतं. मी आणि माझी सहायक पावणेसातला शेतावर पोहोचलो. मी नेहमी आधी बांधावरून पूर्ण फेरी मारते. पूर्वेच्या बांधाला गेले तर पलीकडे दीड एकर तुती, आणि तुतीच्या पलीकडे पत्र्याचं लांबलचक शेड. रेशमाचं. वारा पश्चिमेचा, म्हणजे उसावरून सरळ तुतीवर. वाऱ्याचं मीटर धरलं, सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास. तीनच्या वर गेला की थांबायचं, असं मी शिकले आहे. तिथं तर पलीकडे रेशमाच्या अळ्यांचं अन्न उभं होतं आणि टाकीत जाणार होतं ते औषध अळी मारण्यासाठीच बनवलेलं.

मी सुपरवायझरला फोन लावला. म्हटलं, आज नको, वारा पडेल तेव्हा येते, आणि त्याआधी शेजाऱ्याशी बोलून घेऊ. ते म्हणाले, ‘‘मॅडम, वारा रोजच असतो. ऑटोला लावा, बाकीचं मशीन बघतंय.’’ मी नाही म्हटलं आणि सामान गाडीत भरलं. त्या दिवसाची आमची दोघींची मजुरी बुडाली, डिझेलचे पैसे खिशातले गेले.

दहाच्या सुमाराला दुसऱ्या तालुक्यातला एक पायलट तिथं पाठवला गेला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्यानं साडेतीन एकर उरकले आणि पुढच्या गावाला गेला.

तिसऱ्या दिवशी मला त्या शेडमालकाच्या बायकोचा फोन आला. नंबर तिला उसवाल्याकडून मिळाला होता, औषध मीच मारलं असा तिचा समज. मी गेले. ज्यांनी रेशमाचं शेड पाहिलंय त्यांना माहीत असेल, मोठ्या अळ्या पाला खातात तेव्हा पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज येत राहतो. त्या शेडमध्ये काहीच आवाज नव्हता. अळ्या पाल्यावर माना टाकून पडलेल्या, काहींच्या तोंडातून हिरवट पाणी आलेलं, अंग आक्रसून निम्मं झालेलं. दीडशे अंडीपुंजांची बॅच, चौथी कात टाकून झालेली, आठवडाभरात कोष बांधायला लागल्या असत्या. ती बाई पाल्याची पाटी तशीच हातात धरून उभी होती. मला म्हणाली, ‘‘ताई, आम्ही बांधाच्या कडेचा पाला त्या दिवशी तोडायचाच नाही ना, कुणी सांगितलं असतं तर.’’

तेवढंच. कुणी सांगितलं असतं तर.

नंतर जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. उसवाला म्हणाला, मी पैसे भरून कंपनीला काम दिलं. सुपरवायझर म्हणाले, पायलटनं बघायला हवं होतं. मी त्या मुलाला फोन केला. तो रडवेला होऊन म्हणाला, ‘‘ताई, मला ॲपवर फक्त प्लॉट आला होता.’’ तो खोटं बोलत नव्हता. ॲपमध्ये त्या प्लॉटची चौकट होती, एकर होते, औषधाचं नाव होतं. सकाळी एका पायलटनं याच बांधावर उभं राहून नकार दिलाय आणि का दिलाय, याचा त्यात मागमूस नव्हता. माझा नकार कुठे लिहिलाच गेला नव्हता. फवारलेल्या एकरांची नोंद होते, न फवारलेल्यांची होत नाही.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते एवढ्याच गोष्टीबद्दल. ड्रोन उडवायचं काम आता मशीनच करतं. पायलट लागतो तो मुख्यतः कधी उडवायचा नाही हे ठरवायला. आणि तुम्ही उभी केलेली सगळी व्यवस्था याच कामाचे पैसे देत नाही, त्याची नोंद ठेवत नाही, त्याला मान देत नाही.

कुणी असं समजू नये की मी ड्रोनच्या विरोधात आहे. माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं पाठीवर पंप वागवला. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्याचे काळे घट्टे आहेत, आणि फवारणीच्या रात्री त्यांना जेवण जायचं नाही, डोळे चुरचुरायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कापूस माणसाच्या डोक्यापर्यंत उंच वाढला होता, खालून वर फवारत माणसं त्याच फवाऱ्यातून चालत होती. त्या बातम्या वाचल्यापासून मी सासऱ्यांच्या मागे लागले होते की पंप सोडा. ड्रोन आला आणि तो पंप उतरला, आता गोठ्याच्या माळ्यावर पडून आहे. माझ्यासारख्या बारावी झालेल्या बाईला या यंत्रानं गावात ओळख दिली. नमो ड्रोन दीदी योजना २०२३च्या नोव्हेंबरात मंजूर झाली, १,२६१ कोटी रुपयांची, १५,००० महिला गटांना ड्रोन देण्यासाठी, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. गटाला वर्षाला किमान १ लाखाचं जादा उत्पन्न व्हावं हा त्यामागचा हिशोब. चांगलाच हिशोब आहे. पण हे उत्पन्न एकरावर मोजलं जातं, आणि एकरावर मोजलं की न उडवणारी बाई तोट्यात जाते.

आता ‘ऑटोला लावा, मशीन बघतंय’ या वाक्याकडे येते, कारण सगळी गफलत तिथून सुरू होते.

ऑटो मोड म्हणजे काय, हे काम देणाऱ्यांपैकी अनेकांनी शेतात उभं राहून पाहिलेलं नाही. प्लॉटच्या कोपऱ्यांवर फिरून आपण खुणा घेतो, ॲप त्यावरून पट्टे आखतं, उंची, वेग, एकरी किती लिटर हे आपण भरतो. मग ड्रोन एका पट्ट्यानं जातो, दुसऱ्यानं येतो, औषध संपलं की परत येतो, नवी बॅटरी आणि भरलेली टाकी लावली की जिथं थांबला होता तिथून पुढे सुरू करतो. एकर सात-आठ मिनिटांत होतो. हातानं कधीच होणार नाही इतकं सरळ काम. ज्यानं हे बनवलं त्याला माझा नमस्कार.

पण त्या चौकटीत काय आहे हे ड्रोनला माहीत नसतं. विजेच्या खांबाला जमिनीत ओढून धरणारी ताणाची तार असते, ती उसाच्या शेंड्यात लपते. अडथळा ओळखणारे सेन्सर झाड ओळखतात, बारीक तार त्यांना कित्येकदा दिसत नाही. बॅटरी उतरली की ड्रोन आपण आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत घरी निघतो. ती उंची मधल्या विजेच्या लाइनपेक्षा किंवा बांधावरच्या नारळापेक्षा कमी भरलेली असेल, तर तो प्रामाणिकपणे जाऊन त्यावर आदळतो. आणि ‘घर’ म्हणजे जिथून उडाला ती जागा. उसात काही दिसत नाही म्हणून आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून ड्रोन उडवतो. मधेच कुणी ट्रॅक्टर पन्नास फूट पुढे घेतला, की ड्रोन परतताना जुन्याच जागी उतरायला बघतो. तिथं आता पाण्याचा पाट असेल, बैल बांधलेला असेल, नाहीतर डबा सोडून बसलेलं कुणी असेल.

हे सगळं कुणाच्या डोक्यात असतं? मशीनच्या नसतं.

औषधाचंही तसंच. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं. ड्रोननं आठ ते दहा लिटर. औषध एकरी तेवढंच टाकायचं असेल तर टाकीतलं पाणी पंधरा-वीस पट तिखट झालं, आणि त्याचा थेंब बारीक. पंपाच्या थेंबानं शेजारच्या बांधावर जे होत नव्हतं, ते या थेंबानं होतं. वाऱ्याचा आकडा आम्ही एवढा जपतो तो त्यासाठी. दोन औषधं एकत्र द्यायला शेतकरी सांगतो तेव्हा मी आधी बाटलीत थोडं-थोडं कालवून अर्धा तास ठेवते. फाटलं, तळाशी गाठी धरल्या, तर टाकीत घालत नाही. हा अर्धा तास कुठल्याच बिलात नसतो. सुपरवायझरच्या नजरेत तो ‘पायलट बसून होता’ असा असतो.

मला आतून हलवून गेलेली एक घटना आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गेल्या वर्षी जूनअखेर, आठ-नऊ फूट उंचीचा जुना ऊस, चार एकर. फेरी मारली, तारा पाहिल्या, शेताच्या मालकाला विचारलं, ‘‘आत कुणी नाही ना?’’ ‘‘कुणी नाही.’’ माझी सहायक पलीकडच्या बांधावर शिट्टी घेऊन उभी. ड्रोन तिसऱ्या पट्ट्यात गेला आणि तिची शिट्टी वाजली, एकदा, दोनदा, मग सलग. मी काही न विचारता ड्रोन जागेवर थांबवला, वर घेतला, परत आणला. मग फोनवर ऐकलं तर ती म्हणाली, सरीतून बांगड्या वाजल्या. खरंच दोन बायका आत वैरण काढत होत्या, डोक्याला पदर गुंडाळून, विळे घेऊन. आम्ही हाका मारल्या तेव्हा आतून आवाज आला, ‘‘एवढी पेंढी बांधतो अन् येतो गं!’’ त्यांना वर काय फिरतंय याची कल्पनाच नव्हती. आवाज यायचा, पण त्यांना वाटलं रस्त्यावरून मोटारसायकल चाललीय. चौथ्या पट्ट्यात त्या बरोबर फवाऱ्याखाली आल्या असत्या.

कॅमेऱ्यात त्या दिसल्या नाहीत. मालकाला माहीत नव्हत्या. मला ट्रॉलीवरून दिसणं शक्यच नव्हतं. त्यांना वाचवलं ते बांधावर उभ्या असलेल्या एका मुलीच्या कानांनी. आणि हंगाम तेजीत आला की पहिली कपात कशाची होते? ‘‘मॅडम, एकट्याच या, सहायक कशाला, मशीन ऑटो आहे.’’ उसात एकट्या पायलटला पाठवणारा माणूस काय करतोय हे त्याला कळत नाही, असंच मी समजते, कारण कळूनही पाठवत असेल तर त्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

ड्रोनशी माझी पहिली गाठ पडली ती गावठाणाच्या मोजणीत, पायलट होण्याच्या कितीतरी आधी. स्वामित्व योजना. आपल्या राज्यात या मोजणीची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून झाली, मग एकेक करत आमच्या गावापर्यंत आली. गावात दवंडी झाली होती, की आपापल्या घराच्या, परड्याच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारून ठेवा. कारण ड्रोन वरून फोटो काढणार, त्याला भिंत कुणाची ते कसं कळणार? ड्रोन उडाला तो थोडा वेळ. त्याआधीचा अख्खा दिवस गल्लीत चुलत्या-पुतण्याची एका हातभर बोळावरून बाचाबाची चालली होती. भूमी अभिलेखचे कर्मचारी, ग्रामसेवक, दोन जुनी माणसं मधे बसली, जुनी पायरी उकरून पाहिली, आणि संध्याकाळी चुलत्यानं स्वतःच्या हातानं फक्की मारली. दुसऱ्या दिवशी ड्रोननं ती पांढरी रेघ टिपली. नकाशात आली ती त्या माणसांनी ठरवलेली रेघ. तेव्हा मला वाटलं होतं ड्रोनची केवढी कमाल. आता वाटतं, फक्की आधी मारावी लागते हे तेव्हा ज्यांना कळलं होतं, त्यांनीच फवारणीची योजना लिहायला हवी होती.

आमच्या प्रशिक्षणात एक सर होते, सैन्यातून निवृत्त झालेले. शांत माणूस. शेवटच्या दिवशी त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि एक प्रसंग सांगितला. २१ फेब्रुवारी २०१०, अफगाणिस्तानातला उरुझगान प्रांत. पहाटे रस्त्यानं तीन गाड्या चाललेल्या. वर अमेरिकेचा प्रिडेटर ड्रोन. तो उडवणारे हजारो मैलांवर नेवाडातल्या तळावर बसलेले आणि त्याची चित्रं तपासणारे फ्लोरिडात. गाड्यांत लहान मुलं असल्याचं तपासणाऱ्यांनी कळवलं होतं. उडवणाऱ्या चमूचा कल मात्र या गाड्या शत्रूच्याच आहेत असं धरून चालण्याकडे होता, आणि जमिनीवरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्या शंकेतला जीवच गेला होता. हेलिकॉप्टरनी हल्ला केला. वीसहून अधिक साधी माणसं मेली, त्यांत बायका-मुलंही होती. अमेरिकी लष्कराच्याच चौकशीनं ड्रोन चमूनं दिलेल्या माहितीला चुकीची आणि अव्यावसायिक ठरवलं.

सर म्हणाले, कॅमेरा चांगला होता, ड्रोन चांगला होता, ‘थांबा’ म्हणणारा माणूससुद्धा होता. त्याचं म्हणणं पोहोचलं नाही.

कुठे ते युद्ध आणि कुठे आमची कांडी कीड. मी तुलना करत नाही, करू नये. त्या मेलेल्या माणसांपुढे माझी गोष्ट फार लहान आहे. पण त्या तुतीच्या बांधावरून परत येताना मला सरांचं ते वाक्य आठवलं, आणि त्यानंतर ते डोक्यातून गेलं नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा. २५ ऑगस्ट २०२१ला ड्रोन नियम आले. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ हे सरकारचं ड्रोनसाठीचं ऑनलाइन पोर्टल बघून त्या भागात बंदी किंवा सूचना आहे का हे तपासायचं, ही जबाबदारी रिमोट पायलटची. अपघात झाला तर ४८ तासांच्या आत कळवायचं, तेही रिमोट पायलटनं. नियम मोडला तर दंड १ लाख रुपयांपर्यंत. मला हे मान्य आहे. ज्याच्या हातात रिमोट, त्याच्यावर जबाबदारी, यात गैर काही नाही. पण मग ज्याच्यावर जबाबदारी त्याच्या शब्दाला वजनही पाहिजे. आज परिस्थिती अशी आहे की ठरवतो सुपरवायझर, त्याच्यावर दबाव टार्गेटचा, उडवतो पायलट, आणि काही झालं की सगळ्यांची बोटं पायलटकडे. त्या बावीस वर्षांच्या मुलानं त्यानंतर हे काम सोडलं. आता तो एका गोदामात आहे. हात चांगला होता त्याचा.

म्हणून मला काय हवं आहे ते सरळ लिहिते.

ज्या ॲपमध्ये फवारलेले एकर भरतो, त्याच ॲपमध्ये नकार भरायची जागा द्या. पायलटनं कुठल्या वेळी, कुठल्या कारणानं उडवलं नाही, ते दोन ओळीत आणि एका फोटोसह. ही नोंद पायलटच्या नावावर काळा डाग म्हणून नको, प्लॉटच्या नावावर हवी. त्या प्लॉटवर पुन्हा कुणालाही पाठवताना ती आधी समोर उघडली पाहिजे, आणि कारण दूर झालंय असं कुणीतरी जागेवर जाऊन स्वतःच्या नावानं लिहिल्याशिवाय दुसरा पायलट तिथं जाता कामा नये. एकानं नाही म्हटलं की दुसरा शोधायचा, ही पद्धत बंद झाल्याशिवाय बाकीच्या कुठल्याही सुधारणेला अर्थ नाही. फवारणीचं काम देणाऱ्या सगळ्यांना ही अट कृषी विभाग घालू शकतो. कारखाने तर स्वतःच्या कंत्राटात उद्या घालू शकतात, त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.

त्यालाच जोडून, चतुःसीमा. आपल्याकडे एक गुंठा जमीन विकली तरी खरेदीखतात पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस काय, उत्तरेस काय हे लिहितात. फवारणीच्या ऑर्डरमध्ये ते का नसावं? पूर्वेला तुती, पश्चिमेला शाळा, उत्तरेला विहीर, दक्षिणेला मधमाश्यांच्या पेट्या. चार ओळी. शेतकऱ्याला ते तोंडपाठ असतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही. आणि जिथं रेशीम, मधमाश्या किंवा पिण्याचं पाणी आहे, तिथं शेजाऱ्याला आदल्या दिवशी निरोप गेल्याशिवाय ऑर्डर पक्की होऊ नये. त्या बाईनं बांधाकडचा पाला तोडला नसता. ती तसं म्हणालीच होती.

पैशाचं बोलायला संकोच वाटतो, पण बोललंच पाहिजे. शेतावर जाऊन, पाहणी करून, योग्य कारणानं नकार दिला तर त्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं मिळालं पाहिजे. विहिरीचं पाणी पाहायला येणारा पाणाड्यासुद्धा ‘इथं पाणी नाही’ असं सांगितल्यावर त्याचा नारळ आणि दक्षिणा घेऊन जातो, कुणी त्याला रिकामं पाठवत नाही. एकरी दर ठेवा, त्याखाली दिवसाचा एक ठरलेला रोज ठेवा. मग सकाळी बांधावर उभ्या असलेल्या पायलटला वाऱ्याचं मीटर बघताना घरचा किराणा आठवणार नाही.

उसात आणि मक्यात दोन माणसांशिवाय उड्डाण नको. याच्यावर चर्चा करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

प्रशिक्षणाबद्दल थोडं. ड्रोन दीदी योजनेत पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे, ते मला मिळालं आणि त्याचा उपयोग झाला. पण ड्रोन उडवायला आम्ही मोकळ्या मैदानावर शिकलो, आणि काम पडलं ते तारा, झाडं, बोअर, माणसं, कुत्री आणि वाऱ्यात. नव्या मुलींना मी गटात शिकवते तेव्हा पहिले दोन दिवस ड्रोन पेटीतून काढतच नाही. त्यांना घेऊन बांधावरून फिरते. इथं उडवाल का? का नाही? पाचोळा कुठल्या दिशेला चाललाय? त्या खांबाची ताणाची तार कुठे रुतलीय? हे शेत सोडून पलीकडे काय आहे? पहिल्या दिवशी त्या कंटाळतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना मला न दिसलेलं दिसायला लागतं. गेल्या वेळी एकीनं मला चिंचेच्या झाडावरचं मोहोळ दाखवलं, माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

आणखी एक. उड्डाणाच्या सगळ्या नोंदी ड्रोनमधून कंपनीकडे जातात, पायलटकडे काहीच राहत नाही. वाद झाला की आम्ही रिकाम्या हातानं उभे. त्या नोंदीची प्रत पायलटला मिळायला हवी.

मी माझ्यापुरती एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या हंगामापासून जेव्हा-जेव्हा उडवलं नाही तेव्हाची तारीख, गाव, वारा, कारण आणि पुढे काय झालं ते त्यात लिहिलेलं आहे. आजवर एकेचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या काही माझ्या चुका असतील, वारा नंतर पडला असेल, मी उगाच घाबरले असेन. तेही लिहिलेलं आहे. अकरा वेळा माझ्यानंतर दुसरा पायलट पाठवला गेला. त्या अकरांपैकी दहा ठिकाणी काही झालं नाही. अकरावं ते तुतीचं शेत.

आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस आता उंच होत चालला आहे आणि फवारणीची कामं परत सुरू होतील. तुमच्यापैकी कुणीही बैठक लावली, तालुक्याला, सोलापुरात किंवा पुण्यात, तर मी स्वखर्चानं येईन. माझी सहायक येईल, आणि ते रेशीमवाले नवरा-बायकोही यायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. वही घेऊन येते. फक्त तारीख कळवा, आणि सकाळची वेळ नको, सकाळी वारा कमी असतो, तेव्हा आम्ही शेतावर असतो.

आपली नम्र,
एक रिमोट पायलट
तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर